तिकीट कोणाला दिसावं: जिरातल्या परवानग्या नव्याने लावताना

एकाच जिरामध्ये (कामं आणि त्रुटी तिकिटं म्हणून नोंदवायचं साधन) तीन प्रकारची माणसं काम करत होती: आमचे स्वतःचे डेव्हलपर आणि टेस्टर, बाहेरून घेतलेले कंत्राटी डेव्हलपर, आणि ग्राहकाच्या बाजूने चाचणी करणारे लोक. तिघांनाही सगळं दिसत होतं. ग्राहकाच्या टेस्टरला कंत्राटदाराचे तास दिसत, कंत्राटदाराला दुसऱ्याच ग्राहकाच्या डेटामधले घोळ दिसत, आणि सुरक्षेतल्या त्रुटींची तिकिटं दुरुस्ती होण्याआधीच प्रत्येकाच्या बोर्डावर येऊन बसत. हे सगळं नव्याने लावताना जे करावं लागलं आणि जिथे जिथे अडलं, ते इथे क्रमाने मांडतो आहोत. प्रोजेक्ट कंपनी-मॅनेज्ड प्रकारचे होते, म्हणजे त्यांचे नियम जिरा ॲडमिन ठरवतो. टीम-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये ओपन, लिमिटेड आणि प्रायव्हेट अशा तीन पातळ्यांचा वेगळा, सुटसुटीत मामला असतो. खाली जे लिहिलंय ते त्याला जसंच्या तसं लागू होत नाही. क्लाउडच्या फुकट प्लॅनमध्ये तर तिकीटनिहाय सुरक्षा मिळतच नाही, त्यामुळे आधी आपला प्लॅन कोणता ते बघून घ्यावं.

पहिल्या दिवशी कळायला हवी ती गोष्ट अशी, की तिकीट दिसण्याआधी माणूस दोन चाळण्यांतून जातो. पहिली चाळणी प्रोजेक्टची. परमिशन स्कीममधली (कोणाला काय करता येईल याच्या यादीतली) ‘ब्राउझ प्रोजेक्ट्स’ ही परवानगी नसेल तर त्या प्रोजेक्टमधलं काहीच दिसत नाही. दुसरी चाळणी तिकिटाची, म्हणजे त्याची सिक्युरिटी लेव्हल. लेव्हल रिकामी असेल तर ब्राउझ असलेल्या प्रत्येकाला ते तिकीट दिसतं. लेव्हल लावलेली असेल तर त्या लेव्हलच्या सदस्यांनाच. लेव्हल दृष्टी कमी करते, वाढवत कधीच नाही. एखाद्याला लेव्हलमध्ये घातलं पण ब्राउझ दिलं नाही, तर त्याला तिकीट दिसणार नाही. सुरुवातीच्या निम्म्या तक्रारी इथल्याच होत्या.

दुसरी गोष्ट पहिल्या चाळणीबद्दलची, आणि तीच जास्त फसवते. जिराच्या परमिशन स्कीममध्ये ‘द्या’ आहे, ‘नाकारा’ नाही. एखाद्या माणसाला अनेक वाटांपैकी कुठल्याही एका वाटेने परवानगी पोचली की ती मिळाली. कंत्राटदाराला प्रोजेक्ट रोलमधून (त्या प्रोजेक्टपुरत्या भूमिकेतून) काढलं तरी सगळं दिसतच राहिलं, कारण स्कीममध्ये ब्राउझच्या ओळीत ‘लॉग-इन केलेला कोणीही’ हीसुद्धा नोंद होती. डिफॉल्ट स्कीमवर नवीन प्रोजेक्ट उभा केला की ही नोंद आपोआप सोबत येते. तशीच लायसन्स देणाऱ्या डिफॉल्ट ग्रुपची नोंद. ज्याला जिरा वापरायचं लायसन्स आहे तो सहसा त्या ग्रुपमध्ये असतो, बाहेरचा असो की आतला. म्हणून पहिलं काम माणसं काढायचं नव्हतं, या दोन नोंदी काढायचं होतं.

पण त्या लगेच काढायच्या नाहीत. एकच परमिशन स्कीम अनेक प्रोजेक्ट वापरत असतात, आणि ओळ एका ठिकाणी काढली की ती सगळीकडून जाते. स्कीमच्या यादीत शेजारीच तिला जोडलेल्या प्रोजेक्टांची नावं दिसतात, ती आधी वाचावीत. आम्ही चालू स्कीमची प्रत काढली, बदल प्रतीत केले, आणि ती प्रत एका चाचणीच्या प्रोजेक्टला जोडली. तिथे दोन दिवस वापर झाल्यावरच खऱ्या प्रोजेक्टांना, तेही एकेक करून.

स्कीममध्ये माणसांची नावं थेट घालायची नाहीत, ग्रुपही शक्यतो नाहीत. प्रोजेक्ट रोल घालायचे. कारण साधं आहे. ग्रुप सगळ्या जिराला एकच असतो, तर रोलचं नाव सगळीकडे एक आणि त्यातली माणसं प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळी. ‘अंतर्गत’, ‘कंत्राटी’ आणि ‘ग्राहक’ असे तीन रोल केले की एकच स्कीम वीस प्रोजेक्टांना पुरते, आणि माणूस आला-गेला तर प्रोजेक्ट ॲडमिन आपल्या पातळीवर बदल करू शकतो. त्याला जिरा ॲडमिनची वाट बघावी लागत नाही. नाव थेट घातलेल्या नोंदी मात्र वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात न येता पडून राहतात. जुन्या स्कीममध्ये अशा नोंदी सापडल्या तर त्या रोलमध्ये हलवायचा कंटाळा करू नये.

इथे एक मोहाची जागा आहे. ‘ज्याने तिकीट टाकलं त्याला तेवढं तरी दिसू दे’ म्हणून ब्राउझ प्रोजेक्ट्सच्या ओळीत ‘रिपोर्टर’ (तिकीट टाकणारा) किंवा ‘चालू असाइनी’ (काम ज्याच्या नावावर आहे तो) घालावंसं वाटतं. तसं केलं की जिराच्या हिशेबाने कोणीही उद्या रिपोर्टर होऊ शकतो, म्हणून त्या प्रोजेक्टचं नाव सगळ्यांच्या यादीत दिसू लागतं. तिकिटं दिसत नाहीत, पण ग्राहकाच्या नावाने केलेला प्रोजेक्ट असेल तर नावच पुरेसं बोलतं. ब्राउझ रोलला द्यावं आणि रिपोर्टरची सोय लेव्हलमध्ये करावी.

आता लेव्हल. जिरा तिकिटाला इश्यू म्हणतं; इश्यू सिक्युरिटी स्कीम म्हणजे लेव्हलांचा संच, आणि एका प्रोजेक्टला एकच संच जोडता येतो. लेव्हलच्या सदस्यांत रोल, ग्रुप, एकेकटी माणसं, रिपोर्टर, असाइनी, प्रोजेक्ट लीड आणि माणूस निवडायच्या कस्टम फील्डमधली (आपण स्वतः जोडलेल्या रकान्यातली) नावं, असं काहीही घालता येतं. यातला कुठलाही एक निकष जुळला की तिकीट दिसतं. आम्ही सात लेव्हल आखल्या होत्या, त्यातल्या तीनच ठेवल्या. तिकीट टाकणारा घाईत असतो. सात पर्यायांतला नेमका कोणता याचा विचार तो करत नाही, पहिला दिसेल तो निवडतो.

‘खुलं’ या लेव्हलमध्ये तिन्ही रोल आहेत. रिकामी लेव्हल आणि ‘खुलं’ यांचा परिणाम सारखाच दिसतो, तरी ही लेव्हल हवी. रिकामं म्हणजे कोणी ठरवलंच नाही, आणि ‘खुलं’ म्हणजे कोणीतरी बघून ठरवलं. पुढे तपासणी करताना हा फरक फार कामी येतो.

‘आतलं’ या लेव्हलमध्ये अंतर्गत रोल आणि रिपोर्टर. रिपोर्टर घातल्यामुळे ग्राहकाने टाकलेलं तिकीट ‘आतलं’ केलं तरी त्याचं त्याला दिसत राहतं, आणि ‘माझं तिकीट गायब झालं’ असा फोन येत नाही. पण त्यासोबत ‘मॉडिफाय रिपोर्टर’ ही परवानगी मोजक्याच लोकांकडे ठेवावी लागते, नाहीतर रिपोर्टर बदलून कोणालाही आत घेता येतं. ईमेलवरून किंवा एपीआयवरून (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून आपोआप) तिकिटं तयार होत असतील तर आणखी एक पेच येतो: रिपोर्टर म्हणून सर्व्हिस अकाउंटचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या खात्याचं, नाव लागतं आणि खऱ्या माणसाला काहीच दिसत नाही. तिथे तिकीट तयार करतानाच खरा रिपोर्टर भरायची व्यवस्था करावी लागली.

असाइनीला सदस्य करायचं की नाही, यावर बराच खल झाला. केलं नाही, तर काम ज्याच्या नावावर त्यालाच ते दिसत नाही अशी वेळ येऊ शकते. केलं, तर तिकीट नेमून देण्याची परवानगी असलेला कोणीही एका क्लिकमध्ये ते बाहेरच्याला उघडून देऊ शकतो. ‘आतलं’मध्ये आम्ही असाइनी ठेवला नाही. बाहेरच्या माणसाकडे काम द्यायचंच असेल तर तिकीट ‘खुलं’ करावं, आणि करणाऱ्याने ते जाणूनबुजून करावं.

‘सुरक्षा’ या लेव्हलमध्ये सुरक्षा पाहणाऱ्यांचा छोटा रोल आणि ‘पाहू शकणारे’ नावाचं एक कस्टम फील्ड, ज्यात एकाहून जास्त माणसं निवडता येतात. प्रत्येक तिकिटाला नेमकी कोण माणसं लागतील हे आधी सांगता येत नाही. एखाद्या त्रुटीसाठी डेटाबेस बघणारा लागतो, दुसरीसाठी मोबाईल ॲपवाला. फील्डमध्ये नाव घातलं की त्या एका तिकिटापुरतं दार उघडतं, काढलं की बंद. या सगळ्या मांडणीत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कोणती विचाराल, तर हे फील्ड. फक्त लक्षात ठेवावं, की तिकीट दिसणारा आणि एडिटची परवानगी असलेला माणूस हे फील्डही बदलू शकतो; म्हणजे आत घेतलेला माणूस पुढच्याला आत घेऊ शकतो.

लेव्हल निवडायला ‘सेट इश्यू सिक्युरिटी’ ही परवानगी लागते, आणि सिक्युरिटी लेव्हल हे फील्ड तिकीट तयार करण्याच्या व बदलण्याच्या स्क्रीनवर असावं लागतं. स्क्रीनवर ते घालायचं राहिलं आणि ‘ड्रॉपडाऊनच दिसत नाही’ म्हणून परवानग्या उलट्यासुलट्या तपासण्यात अख्खी दुपार गेली, असं होऊ देऊ नका. माणसाला ड्रॉपडाऊनमध्ये फक्त तो स्वतः ज्यांचा सदस्य आहे त्याच लेव्हल दिसतात. जिरा ॲडमिनलाही यातून सूट नाही. तो स्कीम बदलू शकतो, पण लेव्हलचा सदस्य नसेल तर तिकीट त्यालाही दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय डिफॉल्ट लेव्हलचा. ज्याला लेव्हल निवडायची परवानगी नाही त्याच्या तिकिटाला डिफॉल्टच लागते. सुरुवातीला ‘खुलं’ हेच डिफॉल्ट होतं, आणि सुरक्षेची तिकिटं टाकणाऱ्याने नंतर लेव्हल बदलायची असं ठरलं होतं. ते चुकीचं होतं. तिकीट तयार झालं की त्याची सूचना ईमेलने निघते, आणि त्यात शीर्षक व वर्णन दोन्ही असतात. नंतर लेव्हल लावणं म्हणजे बैल गेला न् झोपा केला; जे मेलबॉक्समध्ये पोचलं ते परत येत नाही. आता डिफॉल्ट ‘आतलं’ आहे. जे बाहेर दाखवायचं ते मागाहून ‘खुलं’ करतात. यात रोज थोडे कष्ट आहेत, पण विसरलं तर एखाद्याला दिसायला उशीर होतो, इतकंच. उलट मांडणीत विसरण्याची किंमत फार मोठी असते.

सब-टास्कला, म्हणजे मोठ्या तिकिटाखालच्या छोट्या तिकिटाला, स्वतःची लेव्हल लावता येत नाही. ती मूळ तिकिटाकडून येते. मूळ तिकीट झाकलं की खालचं सगळं झाकलं जातं. कंत्राटदाराला एखादाच भाग द्यायचा असेल तर सब-टास्क कामाचा नाही. वेगळं तिकीट करून मूळ तिकिटाशी लिंक जोडावी. ज्याला लिंकपलीकडचं तिकीट दिसायला नको त्याला ती लिंकही दिसत नाही.

डिफॉल्ट जुन्या तिकिटांना लागत नाही. ती रिकामीच राहतात, म्हणजे उघडीच. ती भरायला बल्क चेंज (अनेक तिकिटं एकदम बदलायची सोय) वापरलं, आणि तिथे चार अडचणी एकामागून एक आल्या. क्लाउडमध्ये एका वेळी १००० तिकिटांचीच मर्यादा आहे, म्हणून तारखांप्रमाणे तुकडे पाडावे लागले. निवडीत सब-टास्क असले तर लेव्हल बदलायचा पर्याय मिळत नाही, म्हणून जेक्यूएलमध्ये (जिराच्या शोधभाषेत) ते वगळायचे. वेगळ्या सिक्युरिटी स्कीमचे प्रोजेक्ट एकत्र निवडले तरी तेच होतं, म्हणून एका वेळी एकच प्रोजेक्ट. चौथी गोष्ट अडचण कमी आणि धोका जास्त: शेवटच्या पानाआधी ‘या बदलाचा मेल पाठवा’ ही खूण आधीच केलेली असते. ती काढली नाही तर हजार तिकिटांच्या सूचना एकदम सुटतात. पहिला तुकडा १००० चा करू नये. दहा तिकिटांवर करून बघावं.

तपासणीसाठी ॲडमिनच्या भागात परमिशन हेल्पर आहे. माणूस, तिकीट आणि परवानगी असं तिन्ही दिलं की मिळते की नाही, आणि नाही तर कुठे अडलं, ते सांगतं. उत्तम साधन आहे, पण ते एका वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. त्यावर अवलंबून न राहता तिन्ही रोलांसाठी एकेक चाचणी खातं उघडावं, त्यातून लॉग-इन करावं आणि शोध, बोर्ड, डॅशबोर्ड सगळं डोळ्यांनी पाहावं. झाकलेल्या तिकिटाचा पत्ता थेट टाकून पाहावा. तिकीट अस्तित्वात नाही किंवा बघायची परवानगी नाही, असा दोन्हीला एकच संदेश येतो, आणि तसाच यायला हवा. तिकिटांचे क्रमांक ओळीने चालतात, त्यामुळे मध्ये काहीतरी झाकलेलं आहे एवढं कळतंच. ते लपवायचंच असेल तर त्या कामासाठी प्रोजेक्टच वेगळा हवा.

तिकीट झाकलं म्हणून त्यातला मजकूर झाकला गेला असं मात्र नाही. कॉमेंट लिहिताना ती ठराविक रोलपुरती ठेवता येते. ग्राहकाला दिसणाऱ्या तिकिटावर आपसात बोलायला ही सोय छान आहे, म्हणून ती सर्रास वापरली जाते. पण अटॅचमेंटला स्वतःचं कुलूप नसतं. झाकलेल्या कॉमेंटमध्ये चिकटवलेला स्क्रीनशॉट तिकिटाच्या अटॅचमेंटमध्ये जाऊन बसतो आणि तिकीट दिसणाऱ्या प्रत्येकाला तो उघडता येतो. हे समजावून सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही, कारण लिहिणाऱ्याला कुलपाची खूण समोर दिसत असते. लॉग फाइल, डेटाबेसचा तुकडा, ग्राहकाच्या माणसांची यादी, असलं काहीही जोडायचं तर वेगळ्या ‘आतलं’ तिकिटावर जोडावं.

इतिहासाचंही तसंच. वर्णनात चुकून पासवर्ड पडला आणि नंतर पुसला, तरी जुना मजकूर हिस्टरीमध्ये जसाच्या तसा राहतो. तो पासवर्ड बदलणं हाच उपाय.

वॉचर (तिकिटावर लक्ष ठेवणारा) म्हणून नाव घातल्याने किंवा कॉमेंटमध्ये उल्लेख केल्याने तिकीट दिसू लागत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला सूचनाही जात नाही. ‘मी वॉचर आहे, मेल का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा हेच असतं. फिल्टर शेअर केल्यानेही तिकिटं उघडत नाहीत. प्रत्येकाला आपापल्या परवानगीइतकीच दिसतात. म्हणून एकाच डॅशबोर्डवर दोघांना दोन वेगळे आकडे दिसतात, आणि बैठकीत त्यावरून वाद होतात. ग्राहकासमोर ठेवायचे आकडे ग्राहकाच्या खात्यातून पाहिलेले असावेत. फिल्टरचं नाव आणि त्यातली अट मात्र ज्याला शेअर केला त्याला वाचता येते, तेव्हा नावात काय लिहितो याकडे लक्ष हवं.

जिराच्या बाहेर जे जातं त्यावर लेव्हलचा काही ताबा नाही. वेबहुकने (बदल झाला की बाहेर आपोआप संदेश पाठवणाऱ्या सोयीने) चॅटच्या चॅनेलवर तिकिटाचं शीर्षक पाठवलं तर चॅनेलमधले सगळे ते वाचतात. वेबहुकला जेक्यूएलची अट लावता येते. तिथे ‘लेव्हल खुलं असेल तरच’ अशी अट घातली. एपीआय टोकन (प्रोग्रॅमला आत शिरायची चावी) ज्याचं असेल त्याच्या नजरेने चालतं. ॲडमिनच्या टोकनवर चालणारा अहवाल सगळ्यांसाठी ठेवला, की ॲडमिनला जे दिसतं ते सगळ्यांना दिसलं. अहवालासाठी वेगळं खातं करून त्याला फक्त लागेल तो रोल द्यावा. कोडची ब्रँच (कामापुरती वेगळी शाखा) तयार करताना तिच्या नावात तिकिटाचं शीर्षक सुचवलं जातं, आणि कोड सगळ्यांना दिसत असेल तर शीर्षकही दिसतं. सुरक्षेच्या तिकिटांना त्यामुळे मुद्दाम बोथट शीर्षक देतो: ‘लॉग-इन पानावरील दुरुस्ती’, यापेक्षा जास्त नाही.

ऑटोमेशन रूल (आपोआप चालणारे नियम) आधी चालत होते आणि लेव्हल लावल्यावर निमूटपणे बंद पडले. रूलसुद्धा एका वापरकर्त्याच्याच नावाने चालतो, आणि त्याला तिकीट दिसत नसेल तर तो काही करू शकत नाही. क्लाउडमध्ये ॲप-खात्यांसाठी ‘ॲटलासियन-ॲडऑन्स-प्रोजेक्ट-ॲक्सेस’ नावाचा रोल असतो. तो लेव्हलमध्ये घातल्यावर गाडी रुळावर आली. ‘सुरक्षा’ लेव्हलमध्ये तो घातलेला नाही, तिथली कामं हाताने होतात. नवीन तिकीट तयार करणाऱ्या प्रत्येक रूलमध्ये लेव्हल स्पष्ट भरली. आणि एक रूल मुद्दाम उघडण्यासाठी केला: आवृत्ती प्रसिद्ध झाल्याची स्थिती आली की ‘आतलं’ तिकीट ‘खुलं’ होतं. झाकलेलं कधी उघडायचं हे ठरवलं नाही तर दोन वर्षांनी निम्मा प्रोजेक्ट निम्म्या लोकांना दिसत नसतो.

तिकीट दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हलवताना थांबून बघावं. तिथे सिक्युरिटी स्कीमच जोडलेली नसेल तर लेव्हल गळून पडते आणि तिकीट तिथल्या सगळ्यांना उघडं होतं. ‘मूव्ह इश्यूज’ची परवानगी त्यामुळे अंतर्गत रोलपुरतीच ठेवली.

दुसऱ्या साधनातून येणाऱ्यांची गल्लत होते, म्हणून थोडं त्याबद्दलही. बगझिलामध्ये एका बगला दोन ग्रुप लावले, तर सेटिंगनुसार तो बघायला दोन्ही ग्रुपांत असावं लागू शकतं. जिराच्या लेव्हलमध्ये दोनपैकी एकात असलं तरी पुरतं. तिकडची सवय घेऊन जिरात दोन ग्रुप घातले की कुलूप घट्ट होण्याऐवजी सैल होतं. रेडमाइनमध्ये तिकिटावर ‘प्रायव्हेट’ अशी खूण असते आणि रोलला सगळी, खाजगी सोडून सगळी, किंवा फक्त स्वतःची टाकलेली वा नेमलेली तिकिटं दिसावीत असं ठरवता येतं. मधल्या पातळ्या लागत नसतील तर ही मांडणी जास्त सोपी आहे. गिटलॅबमध्ये ‘कॉन्फिडेन्शियल’ केलेलं तिकीट लिहिणाऱ्याला, असाइनीला आणि गेस्टच्या वरच्या भूमिकेतल्या सदस्यांना दिसतं. आपले बाहेरचे लोक तिथे कोणत्या भूमिकेत आहेत हे आधी बघावं.

महिन्यातून एकदा चालवायचे दोन शोध जतन करून ठेवले आहेत: लेव्हल रिकामी असलेली तिकिटं, आणि ‘सुरक्षा’ लेव्हलची बंद झालेली तिकिटं. पहिला शोध शून्यावर यायला हवा. येत नसेल तर कुठून तरी डिफॉल्ट चुकवून तिकिटं तयार होत आहेत. आमच्याकडे ती लेव्हल नसलेल्या प्रोजेक्टमधून हलवून आणलेली निघाली. दुसऱ्या शोधातल्या प्रत्येक तिकिटाचं ‘पाहू शकणारे’ फील्ड उघडून त्यातली कंत्राट संपलेल्यांची नावं काढायची, कारण माणसाला रोलमधून काढलं तरी या फील्डमधलं त्याचं नाव कोणी काढत नाही, आणि तोच माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी परत आला, त्याला पुन्हा ब्राउझ मिळालं, की जुनी तिकिटं त्याच्यापुढे परत उघडतात.